काचेवरची आई: फोंड्याजवळच्या वेट प्लेट स्टुडिओचा अनुभव

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा फोटो त्या माणसासारखाच यावा असं वाटत असेल, तर फोंड्याजवळच्या एका जुन्या घरातल्या या स्टुडिओत जरूर जा. इथे काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओततात, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवतात आणि ती ओली असतानाच फोटो काढतात. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ही ‘वेट प्लेट’ म्हणजे ओल्या काचेची पद्धत १८५१ साली प्रसिद्ध केली. काच वाळली की काम फुकट, म्हणून ओतण्यापासून धुण्यापर्यंत सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागतं.

मी आईला घेऊन गेले होते. त्याआधी बाजारातल्या एका स्टुडिओत तिचा फोटो काढला, तर त्यांनी न विचारताच तिच्या सुरकुत्या पुसल्या, रंग उजळवला. तो फोटो भिंतीवर लावायचं कोणाच्याच मनात आलं नाही.

इथल्या फोटोग्राफर मुलीने फोनवरच बजावलं होतं की या काचेला निळा आणि अतिनील प्रकाश कळतो, लाल-केशरी जवळजवळ कळतच नाही. कुंकू काळं येणार, निळी साडी पांढुरकी दिसणार, अबोली काळवंडणार. आई अबोलीशिवाय घराबाहेर पडत नाही. तिने अबोलीची फाती माळलीच, वर जाईही माळली. काचेवर जाई शुभ्र उमटली आहे आणि तिच्याखाली अबोली काळीभोर. कपाळावरचं कुंकूही तसंच. आधी कल्पना दिलेली नसती तर ते बघून आई नक्की धसकली असती.

शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडकीपाशी खुर्ची, मानेमागे लोखंडी टेकू. उजेड मऊ, त्यामुळे ८ सेकंद अजिबात हलायचं नाही. ओढूनताणून आणलेलं हसू एवढा वेळ टिकत नाही. आईने सुरुवातीला ओठ घट्ट आवळले होते, मग ते आपोआप सैल पडले. सगळ्यांची जेवणं आटपल्यावर ती दुपारी दारात बसते, तेव्हाचा चेहरा आला. काच तयार करण्याआधी त्या मुलीने आईशी भजनाच्या गप्पा मारल्या, कसलीच घाई केली नाही. मला या स्टुडिओचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो. डोळे एकदम स्पष्ट, कान मात्र धूसर आलेत. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या फोटोग्राफर बाईंवर १८६० च्या दशकात याच धूसरपणासाठी टीका झाली होती. मला तो आवडतो, नजर थेट चेहऱ्यावर जाते.

काच हायपोच्या, म्हणजे प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणाच्या, ट्रेमध्ये टाकतात तेव्हा आपल्याला जवळ बोलावतात. आधी दुधाळ निळसर, निगेटिव्हसारखा चेहरा दिसतो. मग दूध विरत जातं आणि गालावरची एकेक रेघ वर येते. या पद्धतीत सुरकुत्या, वांगाचे डाग जास्तच गडद उठतात, हे आधीच लक्षात घ्या.

खरी गंमत पुढे आहे. काचेवरची प्रतिमा आरशासारखी उलटी असते. आईची चमकी डाव्या नाकपुडीत आहे, काचेवर ती उजवीकडे गेली. मला चेहरा किंचित परका वाटला, पण आई लगेच म्हणाली, "हांव अशीच दिसतां." तिने जन्मभर आरशातच स्वतःला पाहिलेलं! मग फोटोग्राफरने काच फिरवून मागे काळं मखमल धरलं. चमकी डावीकडे आली आणि मला माझी आई दिसली. आता आईला ती अनोळखी वाटू लागली. खरी छबी कुठली, याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण या लोकांनी त्यावर छान तोडगा काढला आहे. मखमल चिकटवून टाकत नाहीत, लाकडी स्टँडमध्ये सुटं देतात, म्हणजे काच हवी तशी फिरवता येते. आमच्याकडे आई एका बाजूने ठेवते, मी दुसऱ्या.

उणिवाही आहेत. एका काचेचे साडेतीन हजार रुपये, म्हणजे सगळ्यांच्या खिशाला परवडणारं काम नाही. कोलोडियनमधल्या ईथरचा वास उग्र येतो, दम्याच्या माणसाला नेऊ नका. घराच्या पायऱ्या उंच आहेत, कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी त्यांनी काहीतरी सोय करायलाच हवी. पावसाळ्यात उजेड कमी, त्यामुळे आणखी जास्त वेळ स्थिर बसावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना दिवाळीनंतरच न्या.

सँडरॅक नावाची राळ आणि लॅव्हेंडरचं तेल यांचं वार्निश लावून काच आठवड्याने देतात. कुरिअर करत नाहीत, स्वतः जाऊन आणावी लागते. जाताना जाड टॉवेल न्या.