नाव टाकलेल्या गोधड्या: ‘गोमी’ पास, ‘मायेची ऊब’ नापास

‘गोमी’ म्हटलं की शहरातलं गिऱ्हाईक आधी दचकतं. गोम म्हणजे ती शंभर पायांची, ती अंगावर घ्यायची कशी? पण इरकल लुगड्याच्या काठांना चिक्की, गोमी, गाडीदडी अशीच नावं आहेत, आणि या गोधडीच्या चारी बाजूंना जुन्या इरकलीचा गोमी काठच लावला आहे. धाराशिव-लातूरकडचा एक महिला बचतगट गोधड्यांना नावं देऊन विकतो. त्यांच्या बारा नावांत हे सगळ्यात चोख. गठ्ठ्याकडे बोट दाखवून कुणी ‘गोमी काढ गं’ म्हणालं, तर घडी न उलगडता नुसत्या काठावरून ती ओळखू येते. बाकीची अकरा नावंही आम्ही याच कसोटीला लावली.

आधी माल. मोठी गोधडी पाच बाय सात फूट, चार थरांची, वजनाला दीड ते दोन किलो. लुगड्याचा पन्ना (रुंदी) पंचेचाळीस इंचाचा धरला तर साठ-साठ इंचाचे दोन तुकडे शेजारी जोडून एक थर होतो. म्हणजे नऊवारी लुगड्यात दोन थर बसून दोन मीटरभर कापड ठिगळांना उरतं, सहावारीत एकच थर निघतो. हा हिशोब गटाच्या बायकांना पक्का ठाऊक आहे, त्यामुळे आतल्या थरांत चिंध्यांची भर नाही, सलग सुती कापड आहे. धावदोरा बोटभर अंतराने, कडेपासून आत फेऱ्या घेत. पाऊण इंचाचं अंतर धरलं तर एवढ्या मापात शिवण १७० मीटरच्या आसपास भरते आणि दुहेरी दोरा साडेतीनशे मीटरच्या वर लागतो. किंमत २,६०० रुपये आहे, ती महाग म्हणण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर आणावेत.

उणीव एका नगात सापडली. कडेकडून आत येताना थर हळूहळू सरकतात आणि मधोमध फुगा धरतो. शिवण्याआधी अधिकच्या चिन्हासारखे दोन आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन असे कच्चे टाके घातले की हे टळतं. ‘येळवस’ नावाच्या नगात ते घातलेले नसावेत, मध्यावर हात फिरवला की चुणी लागते.

आता नावं. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, घरात तिला नाव असतंच, फक्त कुणी लिहून ठेवत नाही. अक्काच्या लुगड्याची, निळ्या काठाची, पाहुण्यांना टाकायची. ही नावं कुणी बसून शोधलेली नसतात. कापड कुणाचं, खूण कोणती, वापर कशाला, यांवरून ती पडतात. दुकानात विकायच्या गोधडीला नाव देतानाही याच तीन वाटा कामाला येतात. अमेरिकेत ठिगळांच्या नमुन्यांना नावं देण्याची जुनी रीत आहे, तिथेही तेच झालेलं दिसतं: लाकडाच्या ओंडक्यांचं घर, उडते हंस. एका नमुन्याला तर काही भागांत ‘अस्वलाचा पंजा’ म्हणत आणि काही भागांत ‘चिखलातलं बदकाचं पाऊल’. ज्याच्या अंगणात जे दिसलं ते.

या कसोटीला उतरलेली नावं म्हणजे ‘गोमी’च्या मागोमाग ‘शंकरपाळी’ आणि ‘करवत’. पहिलीत तिरके चौकोन, दुसरीत कडेला दुमडलेल्या त्रिकोणांची रांग. नाव ऐकून नमुना दिसतो आणि नमुना बघून नाव सुचतं. ‘येळवस’चा विचार जरा वेगळा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवसेला, लातूर-धाराशिवकडे अख्खं घर शेतात जेवायला जातं, त्या दिवसांत रानात जे रंग असतात ते या गोधडीत घेतले आहेत: ज्वारीचा हिरवा, हरभऱ्याचा जरा फिका आणि मधे करडईच्या फुलाचा पिवळा-केशरी. इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी मात्र चिठ्ठीवर दोन ओळी हव्या होत्या, त्या नाहीत. शिवाय चिठ्ठीवर ‘येळवस’, पावतीवर ‘वेळ अमावस्या’ आणि फोटोखाली ‘येळ अमावस’, त्यामुळे एकच गोधडी तीन वाटतात. लिहिण्याची एक रीत ठरवून तीच सगळीकडे ठेवायला हवी.

नापास झालेल्यांत पहिलं ‘मायेची ऊब’. माया, ऊब, आठवण, स्पर्श यांतला कुठलाही शब्द कुठल्याही गोधडीला चिकटतो, म्हणून तो कुठल्याच गोधडीचा नसतो. ‘नक्षत्र’चंही तेच, निळ्या कापडावर पांढरे ठिपके आहेत म्हणे, पण तसे ते ‘शंकरपाळी’च्या पाठीवरही आहेत.

‘कैलास’ वेगळ्या कारणाने फसलं. वेरूळच्या लेण्यावरून नाव घेतलं, कापडात वेरूळचं काही नाही. शिवाय गोधडी बाईमाणूस. ‘गोमी धुतली’, ‘करवत उन्हात टाकली’ हे तोंडात बसतं, ‘कैलास धुतला’ म्हटलं की घरातल्या माणसाला आंघोळ घातल्यासारखं वाटतं. पुल्लिंगी नाव हवंच असेल तर ‘मोराची’, ‘पोळ्याची’ असं ‘ची’ लावून घ्यावं. ‘तुळजाई’ तर आम्ही हातातच घेतली नाही. गोधडी पांघरली जाते तशी अंथरलीही जाते, तिला पाय लागतात, तिच्यावर लेकरू मुततं. देवीचं, संताचं, तीर्थाचं नाव अशा वस्तूला नको. आजी घरात असेल तर ती पहिल्याच दिवशी हे सुनावेल आणि पुढे ती गोधडी कायमची कपाटात राहील.

‘चंद्रकळा’बद्दल तक्रार जास्त गंभीर आहे. चंद्रकळा म्हणजे काळं लुगडं, संक्रांतीला नेसायचं. नाव ऐकून घेणाऱ्याच्या मनात जुनं मऊ सुती लुगडं येतं. आलेल्या नगात वरचा थर काळ्या पॉलिस्टर साडीचा होता. पॉलिस्टर घाम शोषत नाही, सुती थरावर सरकतं आणि टाक्याशी ओढ बसून चुणतं. नावाने कापड कबूल केलं की तेच कापड दिलं पाहिजे. ‘पैठणी’लाही हेच लागू, त्यावर आणखी एक भानगड: पैठणी हे भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे, छापील मोरांच्या काठाला ते लावणं अडचणीत येऊ शकतं. साधं ‘मोरकाठी’ म्हणावं, सुटका होते. जरीच्या तारा खऱ्या असत्या तरी गोधडीत नकोच; अंगाला टोचतात आणि दोरा कुरतडतात.

आणखी एक घोटाळा नाव देणाऱ्या बहुतेकांकडून होतो. ‘शंकरपाळी’ नावाने तीन गोधड्या विकायला आहेत आणि फोटो पहिलीचा. हातची वस्तू दुसऱ्यांदा तशीच निघत नाही. लाल ठिगळ पाहून मागवली आणि जांभळं आलं, असं होणारच. नाव नमुन्याचं ठेवावं आणि नगाला आकडा द्यावा: शंकरपाळी १, शंकरपाळी २. फोटो त्या त्या आकड्याचा. चिठ्ठीवर गाव, महिना आणि वर्ष, थर किती, कापड कोणतं आणि शिवणारीची हरकत नसेल तर तिचं नाव. यातलं गाव आणि वर्ष ते आताही लिहितात, बाकीचं नाही.

नाव कागदी चिठ्ठीशिवाय मांजरपाटाच्या पट्टीवरही साखळी टाक्याने भरलेलं असतं. पट्टी चार बाय अडीच इंच, गोधडीच्या पाठीला खालच्या कोपऱ्यात. कल्पना छान आहे, पण देवनागरी भरताना इंग्रजी अक्षरांत न येणाऱ्या अडचणी येतात. ‘अंजिरी’वरचा अनुस्वार गाठीच्या टाक्याचा होता, तिसऱ्या धुण्याला गाठ निसटली आणि गोधडी ‘अजिरी’ झाली. अनुस्वाराला गाठ नको. एकाच जागी दोन आडवे-उभे छोटे टाके घ्यावेत आणि दोऱ्याचं टोक मागच्या बाजूने तीन-चार टाक्यांखालून ओढून घ्यावं. अक्षराची उंची दोन सेंटिमीटरच्या खाली गेली की ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ यांचा गोळा होतो, ‘नक्षत्र’ वाचताच येत नव्हतं. सहा पदरी दोऱ्याचे तीनच पदर घेतले तर अक्षर सुटं राहतं. नाव निवडतानाच जोडाक्षरं टाळली तर सगळ्यात बरं: करवत, गोमी, करडई, बोरमाळ.

पट्टी कुठे आणि कधी लावायची हेही महत्त्वाचं. धावदोऱ्याच्या आधी लावली तर शिवणीच्या रांगा अक्षरांवरून जातात. गोधडी पूर्ण झाल्यावर फक्त पाठीच्या थराला हातशिलाईने लावावी. कोरा मांजरपाट आटतो, म्हणून भरण्याआधी तो धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायचा. गटाने हे केलेलं दिसतं, एकही पट्टी आखडलेली नव्हती. रंगाचं मात्र स्वतः बघून घ्यावं: ओलं पांढरं फडकं लाल काठावर दाबून धरायचं, डाग आला तर पहिली दोन धुणी वेगळी. मिठाच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होत नाही, कुणी कितीही सांगो.

दुपट्यांचं ‘चिऊ’ हे नाव ठीक आहे, त्यावर फार बोलायला नको. तीन बाय तीन फूट, ६५० रुपये, कापड मऊ.

आपल्या घरातल्या साड्या देऊन गोधडी शिवून घ्यायची सोय आहे आणि नावाची पट्टी १५० रुपयांत भरून मिळते. इथे गटाचं खरं कसब दिसतं. गिऱ्हाईक बहुधा ‘आजीची माया’ सांगतं. मग गटातल्या बाया एकच विचारतात: ही साडी नेसणारीला घरात काय हाक मारायचे? कुणी अक्का सांगतं, कुणी माय, कुणी जिजी. त्यावरून ‘अक्काची इरकल’, ‘मायची अंजिरी’ अशी नावं निघतात आणि ती खरंच त्या घराची वाटतात. नाव फोनवर सांगू नये. दोन पर्याय कागदावर नीट लिहून, अनुस्वार-वेलांटीसकट साड्यांच्या पिशवीत टाकावेत, कारण एकदा भरलेलं अक्षर उसवलं की मांजरपाटावर सुईची भोकं राहतात आणि पट्टी नव्याने करावी लागते. तिचे दीडशे रुपये पुन्हा लागतात.