फ्युजनमधलं टू-डी पॉकेट: ऑफसेटचे तीन आकडे आणि त्यांची गल्लत

ऑटोडेस्क फ्युजन या सीएनसी मशिनचे प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टू-डी पॉकेट, म्हणजे सपाट तळाचा खळगा कोरायचं ऑपरेशन, वापरायला सोपं आहे. पॉकेटची कड निवडली, टूल दिलं, की कडेला समांतर एकात एक वलयं आखून मिळतात. आखणी चोख असते, त्याबद्दल तक्रार नाही. गल्लत होते ती पासेस टॅबमध्ये. दोन वलयांतलं अंतर म्हणजे स्टेपओव्हर, भिंतीवर राखायचं मटेरियल म्हणजे स्टॉक टू लीव्ह आणि कटरची भरपाई म्हणजे कॉम्पेन्सेशन टाइप, असे तीन आकडे तिथे एकाखाली एक येतात. तिघंही टूलला भिंतीपासून किंवा मागच्या फेरीपासून सरकवतात. त्यामुळे माप चुकलं की हाताला लागेल तो आकडा बदलला जातो आणि जॉब जास्तच बिघडतो.

आधी स्टेपओव्हर. सॉफ्टवेअर सुरुवातीला जवळपास कटरच्या व्यासाएवढा आकडा भरून देतं. सरळ भागात तो चालून जातो, पण कोपऱ्यात दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढतं आणि मधे मटेरियलचा बारीक खांब उभा राहतो. हिशोब सोपा आहे: कोपऱ्याच्या निम्म्या कोनाचा साइन घ्या, त्यात १ मिळवा आणि कटरच्या त्रिज्येने गुणा. स्टेपओव्हर त्याच्या आत हवा. ९० अंशांच्या कोपऱ्याला मर्यादा व्यासाच्या ८५ टक्के येते, ६० अंशांना ७५, तर ३० अंशांना जेमतेम ६३. बुलनोज, म्हणजे तळाची कड गोल केलेला कटर असेल तर पूर्ण व्यास धरू नका, तळाचा सपाट भाग धरा. १० मिमीच्या टूलला १ मिमी कोपरा त्रिज्या असेल, तर हिशोबाला ८ मिमीच मिळतात. असे खांब राहू देणाऱ्या 'अलाउ स्टेपओव्हर कस्प्स'ची खूण काढून ठेवावी.

स्टेपओव्हर कमी केला की टूलवरचा भार आटोक्यात येतो हा समज मात्र अर्धाच खरा. ४० टक्के स्टेपओव्हरला सरळ चालीत कटर सुमारे ७८ अंश मटेरियलमध्ये असतो. काटकोनी कोपऱ्यात त्यात आणखी ९० अंशांची भर पडते, म्हणजे जवळजवळ स्लॉटच, कटरच्या पूर्ण रुंदीची खाच. १० टक्क्यांवर आणलं तरी ३७ चे १२७ अंश होतात, तिपटीहून जास्त. कोपऱ्यात टूल किंचाळतं आणि एंडमिलच्या कडा तिथेच उडतात, त्याचं कारण हे आहे. मिनिमम कटिंग रेडियस दिल्याने टूल गोलाई घेऊन वळतं आणि झटका कमी होतो, पण कोपऱ्यात मटेरियल उरतं. ते लहान टूलने वेगळं काढावं लागतं. म्हणून स्टीलमध्ये खोल रफिंगला, म्हणजे फिनिशिंगआधीच्या ढोबळ कापणीला, टू-डी अ‍ॅडॅप्टिव्हच लावावं, ते भार एकसारखा ठेवतं. उथळ पॉकेट, लाकूड, प्लास्टिक आणि तळाची फिनिशिंग यांसाठी टू-डी पॉकेटच बरं, कारण तळावर समांतर फेऱ्यांची स्वच्छ खूण उमटते.

स्टॉक टू लीव्हमध्ये भिंतीवरचं रेडियल आणि तळावरचं अ‍ॅक्सियल वेगळे भरा. रेडियल ०.५ मिमी ठेवलं तर पॉकेट १ मिमीने लहान येतं, कारण समोरासमोरच्या दोन भिंती आहेत. फिनिशिंगच्या ऑपरेशनमध्ये ही खूण काढायची राहून जाते, आणि मग माप कमी आलं म्हणून दोष टूलच्या व्यासाला दिला जातो.

आता कॉम्पेन्सेशन. मापाचं काम असेल तर 'वेअर' निवडा. सॉफ्टवेअर टूलची त्रिज्या स्वतः धरतं, वर जी ४१ किंवा जी ४२ हा भरपाई सुरू करणारा कोड देतं, आणि मशिनच्या कंट्रोलरच्या डी रकान्यात फक्त झिजेचा फरक भरायचा. सुरुवातीला तिथे शून्य असलं पाहिजे. पूर्ण त्रिज्या कंट्रोलरमध्येच भरायच्या 'इन कंट्रोल'च्या सवयीने १० मिमीच्या टूलला ५ भरलेत, तर टूल भिंतीपासून आणखी ५ मिमी आत सरकेल. पॉकेट ४० चं हवं होतं आणि ३९.९४ आलं असं धरा. फरक ०.०६, त्याचा निम्मा ०.०३. त्रिज्येवर चालणाऱ्या कंट्रोलला −०.०३ भरा, व्यासावर चालणाऱ्याला −०.०६. हास मशिनवर हे सेटिंग ४० मध्ये ठरतं. 'इनव्हर्स वेअर' निवडलं असेल तर चिन्ह उलटं.

एक खाच मात्र पुष्कळांना ठाऊक नसते: टू-डी पॉकेटमध्ये ही भरपाई फक्त फिनिशिंग पासलाच लागू होते. 'फिनिशिंग पासेस'वर खूण नसेल तर वेअर निवडूनही प्रोग्राममध्ये जी ४१ येत नाही, आणि डी मध्ये काहीही भरा, माप हलत नाही. हा इशारा पडद्यावर ठळक दिसायला हवा होता. शिवाय भरपाई सरळ जी १ चालीवरच सुरू व्हावी लागते, कमानीवर सुरू केली तर फॅनकसारखे कंट्रोल अलार्म देतात. तेव्हा लिंकिंग टॅबमध्ये लिनियर लीड-इन, म्हणजे कटमध्ये शिरण्याची सरळ चाल, शून्य ठेवू नका. 'इन कंट्रोल' असेल तर तो कटरच्या त्रिज्येहून मोठा ठेवा.

आतल्या गोलाईत फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेगही तपासा. प्रोग्राममधला फीड टूलच्या मध्याचा असतो. ६ मिमी त्रिज्येच्या कोपऱ्यात ८ मिमीचं टूल गेलं की मध्य फक्त २ मिमीच्या कमानीवर फिरतो, आणि धार भिंतीवर तिप्पट वेगाने धावते. चॅटरच्या, म्हणजे टूलच्या थरथरीच्या खुणा तिथेच दिसतात. फीड ऑप्टिमायझेशनमध्ये अशा जागी कमी फीड देता येतो, तो फिनिशिंगला जरूर द्यावा. आणि कोपऱ्याच्या त्रिज्येएवढ्याच त्रिज्येचं टूल घेऊ नका, कोपऱ्यात ते जागीच थांबून वळतं आणि भिंतीत खड्डा पाडतं.

वैयक्तिक वापराच्या मोफत परवान्यात वरच्या सगळ्या सेटिंग्ज आहेत, पण जी ० या न कापता झपाट्याने सरकण्याच्या चालीच्या जागी फीडची चाल लिहिली जाते. मधे न कापता राखलेली खूप बेटं असलेल्या पॉकेटमध्ये टूल वारंवार वर उचललं जातं, तिथे त्याचा वेळ चांगलाच जाणवतो.