अमेरिकेतून आणलेला टीव्ही सांगलीत: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

"तिकडचा टीव्ही इकडे चालतो का गं?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी टीव्हीच्या पाठीवरचं स्टिकर वाचायला सांगते. त्यावर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर पिन बदला आणि खुशाल बघत बसा. आमच्या पंचावन्न इंचीवर नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ होतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत हे वेगळं असू शकतं, त्यामुळे मैत्रिणीचा चालला म्हणून आपला चालेल असं धरू नका. आपल्या भिंतीतून २३० येतात. १२० वाला टीव्ही थेट लावला तर नशीब असेल तर फ्यूजवर निभावतं, नाहीतर पॉवर सप्लायच जातो.

म्हणजे २३० चे १२० करून देणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला. हेअर ड्रायर, इस्त्रीसाठी विकतात ते हलके ट्रॅव्हल कन्व्हर्टर या कामाचे नाहीत. तापणाऱ्या वस्तूला त्यातली वीज चालते, टीव्हीला सोसत नाही. आम्ही कुपवाड एमआयडीसीतल्या एका वाइंडिंगवाल्याकडून ५०० व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची ताकद, ढोबळमानाने वॅटच) बांधून घेतला. टीव्ही खातो त्याच्या तिप्पट, पण त्यामुळे तापत नाही. मी एवढंच बजावलं होतं, की एकाच वाइंडिंगचा ऑटो ट्रान्सफॉर्मर नको, दोन्ही वाइंडिंग वेगळी हवीत. ऑटो स्वस्त पडतो, हलकाही असतो, पण त्यातली न्यूट्रलकडची तार तुटली तर पुरे २३० पलीकडे पोचू शकतात. "ताई, सगळं ठरवूनच आलाय की तुम्ही," म्हणाला, पण काम चोख केलं. वजन मात्र असं, की टीव्ही युनिटची फळी बदलावी लागली.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज सांभाळत नाही, फक्त त्याच प्रमाणात उतरवतो. भिंतीत २५० आले तर टीव्हीला १३० जाणार. आमच्या विश्रामबागेत उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज चांगलंच खाली-वर होतं, म्हणून त्याच्याआधी स्टॅबिलायझर लावलाय. रात्री घर शांत झालं की ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकू येते. खाली रबर घातल्यावर कमी झाली, गेली नाही. आणि टीव्ही बंद असला तरी ट्रान्सफॉर्मर थोडी वीज खातोच, त्यामुळे झोपताना भिंतीवरचं बटण बंद.

५० आणि ६० हर्ट्झचा लोक बाऊ करतात तो विजेपुरता फुकाचा आहे. टीव्ही आलेली वीज आधी डीसी करून घेतो, त्याला फरक पडत नाही. डोकेदुखी आहे ती चित्राची: इथे सेकंदाला ५० चित्रं, तिकडे ६०.

तिकडच्या टीव्हीतला ट्यूनर एटीएससी या अमेरिकी प्रक्षेपण पद्धतीचा, इथे त्याला काही सापडणार नाही. मग अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, जुना डिशचा बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडला. आवाज खणखणीत, चित्र काळं-पांढरं आणि सारखं वर सरकणारं. बॉक्स आपल्याकडच्या पाल पद्धतीचं चित्र देतो, टीव्हीला अमेरिकेतलं एनटीएससीच कळतं. एचडीएमआयने नवा बॉक्स जोडला तर "मोड नॉट सपोर्टेड". बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन बदलत होतं, ५० चं ६० काही होत नव्हतं. काही अमेरिकी टीव्ही ५० घेतात. आमचा त्यातला नाही. ५० चं ६० करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्या पैशात मला टीव्हीला खोचून नेटवरून ॲप्स चालवणारी चांगली स्टिक आली.

तेव्हापासून सगळं स्टिकवर. ती इथेच घ्या. टीव्हीचं स्वतःचं ॲपचं दुकान अमेरिकेचंच राहिलं, त्यात आपली ॲप्स जेमतेम. स्टिकला तिचा अडॅप्टर थेट भिंतीत लावायचा, टीव्हीच्या यूएसबीवर ती मधेच बंद पडते. सासूबाईंच्या मालिका, दूरदर्शनसाठी प्रसार भारतीचं २०२४ मध्ये आलेलं वेव्हज ॲप, क्रिकेट, सगळं त्यावर दिसतं. नेट गेलं की मात्र पडदा काळा, आणि पावसाळ्यात ते जातंच.

एक खोट राहिलीच आहे. पहिल्याच आठवड्यात बातम्या बघताना अण्णा म्हणाले, "अगं, ही खालची पट्टी लंगडतीय बघ." खरंच, अक्षरं सरळ सरकत नाहीत, मधेच थबकतात. इथलं प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचं, स्टिक टीव्हीला ६० देते. म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा दाखवायचं. सीमारेषेकडे जाणाऱ्या चेंडूमागे कॅमेरा फिरतो तेव्हाही तेच. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (मधली चित्रं स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) लावून थबकणं कमी झालं, पण मग मालिकेतली माणसं पुठ्ठ्यातून कापल्यासारखी दिसायला लागली, म्हणून ते फक्त मॅचपुरतं. सासूबाईंना यातलं काहीही जाणवलेलं नाही.

दुरुस्तीचं म्हणाल तर इथे त्या मॉडेलला वॉरंटी नाही. आमच्या मेकॅनिकच्या मते बॅकलाइटच्या पट्ट्या जुळवून घेता येतील, मेन बोर्ड गेला तर विषय संपला.

आमचा टीव्ही घरसामानाबरोबर बोटीने आला. विमानातून आणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की २६ ऑगस्ट २०१३ पासून फ्लॅट पॅनल टीव्ही फुकटच्या बॅगेज सवलतीत धरत नाहीत, ड्यूटी लागते. धाकटी जाऊ न्यू जर्सीहून परत येतेय, पासष्ट इंची आणू का म्हणून विचारत होती. तिला कळवलंय, की १२० वाला असेल तर तिकडेच विकून ये, साउंडबारच्या अडॅप्टरवर १००-२४० लिहिलं असेल तर तेवढा घेऊन ये.