विंडसर ईव्ही: गावाला जाणाऱ्यांच्या नजरेतून डिकी आणि जागा

आमची पुणे-चिपळूण ये-जा वर्षभर चालू असते, गणपती, शिमगा, मे महिना, आणि परतताना गाडीत तांदूळ, नारळ, आंब्याच्या पेट्या, एखादा फणस हे असतंच, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरल्यावर मी रेंजच्या (एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते त्याच्या) बरोबरीने डिकी बघत होतो. कारण सरळ आहे. पेट्रोल गाडीत सामान जास्त झालं की वर कॅरियरला बांधायचं, अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, विषय संपला. इलेक्ट्रिकमध्ये टपावर बोजा चढवला की हवेचा विरोध वाढतो, हायवेच्या स्पीडला रेंज चांगलीच खाली येते आणि चार्जिंगचा एखादा थांबा वाढू शकतो. म्हणजे सामान आतच मावलं पाहिजे.

कागदावर बघितलं तर पंच ईव्ही ३६६ लिटर, तिच्यापेक्षा मोठी नेक्सॉन ईव्ही ३५० लिटर, क्रेटा इलेक्ट्रिक ४३३, कर्व्ह ५००, आणि एमजीची विंडसर थेट ६०४. पण डिकी पार्सल ट्रेपर्यंत (मागच्या सीटमागच्या आडव्या झाकणापर्यंत) मोजली की छतापर्यंत, यावर हा आकडा कितीतरी बदलतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे लिटर शेजारी मांडून निर्णय घेऊ नका प्लीज. सात सीटर बघत असाल तर अजून जपून, कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्हीत तिन्ही रांगा उभ्या असताना मागे २१६ लिटर उरतात, म्हणजे सात माणसं जातील पण त्यांच्या बॅगा नाही.

आम्ही शोरूमला जाताना घरातली सगळ्यात मोठी ट्रॉली बॅग आणि आंब्याची रिकामी लाकडी पेटी घेऊन गेलो. सेल्सवाला मुलगा आधी बघतच राहिला, मग स्वतःच हात लावायला आला. कापडी बॅग कशीही दाबून बसते हो, पेटी दबत नाही, म्हणून खरी परीक्षा पेटीचीच. दोन्ही चाकांच्या कमानींमध्ये ती आडवी जाते का, एकीवर दुसरी ठेवली तर दार लागेल का, हे बघायचं. कर्व्हसारखी मागे उतरत्या काचेची गाडी दिसायला फार देखणी आहे, पण वरच्या थराला जागा तिथेच कमी पडते. आणि डिकीचा उंबरा किती उंच आहे ते स्वतः वजन उचलून बघा, पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं उंबऱ्यावरून आत टाकताना कंबरेला लगेच कळतं.

विंडसर इथे आम्हाला पटली कारण तिची मागची बाजू बऱ्यापैकी उभी आहे, पेट्यांचा दुसरा थर बसतो. २७०० मिमी व्हीलबेसमुळे (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) मागे पाय पसरून बसता येतं आणि खालचा फ्लोअर सपाट आहे, त्यामुळे मधल्या माणसाच्या पायाशी सुद्धा एक पिशवी राहते. आई मागे सीट रिकलाइन करून मस्त झोपते.

आता उणं. पुढे बॉनेटखाली सामानाची जागा नाही. क्रेटात तिथे २२ लिटर आहेत, ऐकायला काहीच नाही, पण चार्जिंगची केबल ठेवायला तेवढंच लागतं. पावसात चिखलात लोळलेली केबल कपड्यांच्या बॅगेशेजारी ठेवणं नको वाटतं, आणि वाटेत केबल लागली तर वरचं सगळं सामान उतरवावं लागतं. आम्ही केबलसाठी झाकणाचा प्लॅस्टिक डबा घेतलाय, तो अगदी दाराशी ठेवतो, सगळ्यात शेवटी.

दुसरं म्हणजे स्टेपनी नाही, पंक्चर किट मिळतं. खिळा गेला तर किटने भागेल, पण टायर बाजूने फाटला तर किटचा उपयोग शून्य. कुंभार्ली घाटातून रात्री जाणाऱ्याला हे परवडत नाही. स्टेपनी वेगळी घेऊन डिकीत टाकली तर जागा खाते, तरी मी म्हणेन लांबच्या प्रवासाला टाकाच, डिकी मोठी आहे, तेवढं सोसते. शहरात फिरताना काढून ठेवा.

साधी ३८ किलोवॅट अवर बॅटरीची विंडसर घ्यायची की ५२.९ ची प्रो, तर प्रोची डिकी ५७९ लिटर आहे, म्हणजे २५ ने कमी, पण क्लेम्ड, म्हणजे कंपनीने सांगितलेली रेंज ३३२ ऐवजी ४४९ किमी. भरलेली गाडी, एसी, घाट, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, हे सगळं धरलं तर आमच्यासारख्यांनी प्रोच घ्यावी. एखादी पिशवी मांडीवर घेता येईल.