जोव्हियन आर्काइव्हचा मोफत ह्यूमन डिझाइन तक्ता: प्रोजेक्टर मंडळींना किती उपयोगाचा?

जोव्हियन आर्काइव्हच्या साइटवर जन्मतारीख, वेळ आणि गाव भरलं की ह्यूमन डिझाइन या जन्मवेळेवरून स्वभाव सांगणाऱ्या पद्धतीचा तक्ता फुकट मिळतो. या पद्धतीत माणसांचे काही प्रकार मानतात; त्यांतला तुमचा ‘प्रोजेक्टर’ निघाला असेल, तर या तक्त्यातल्या तीन गोष्टी रोजच्या जगण्यात खरोखर वापरता येतात: प्रकार, निर्णयाची ऑथॉरिटी (निर्णय कशाच्या भरवशावर घ्यायचा ते) आणि पांढरी राहिलेली केंद्रं (आकृतीतले न रंगलेले चौकोन-त्रिकोण). तेवढ्यासाठी हा तक्ता पुरेसा आहे. त्यापुढे आहाराचे, ‘व्हेरिएबल’चे (तक्त्यातल्या चार बाणांचे) जे रिपोर्ट जागोजागी विकले जातात, त्यांच्यासाठी खिशात हात घालण्याआधी आपली जन्मवेळ किती पक्की आहे ते तपासावं.

ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉन्ट्रियलमध्ये १९४८ साली जन्मलेले अ‍ॅलन क्रॅकोवर स्पेनच्या इबिझा बेटावर राहत असताना, जानेवारी १९८७ मध्ये, त्यांना आठ दिवस एक ‘आवाज’ ऐकू आला, आणि त्यातून ही पद्धत मिळाली असं ते सांगत. पुढे ते रा उरू हू या नावाने ओळखले गेले. २०११ मध्ये ते वारले. पाश्चात्त्य ज्योतिष, ई चिंग या चिनी ग्रंथातल्या ६४ षट्‌रेखा, कबाला ही ज्यूंची गूढविद्या आणि आपल्याकडची चक्रं यांची यात सांगड आहे. चक्रं मात्र सात नाहीत, नऊ केंद्रं आहेत. याला वैज्ञानिक पुरावा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. स्वतःकडे नीट बघायची चौकट म्हणून ती उपयोगी पडते, आणि प्रोजेक्टरच्या बाबतीत चांगलीच पडते. जोव्हियन आर्काइव्ह ही खुद्द रा यांचीच संस्था, त्यामुळे इथले शब्द मूळचे आहेत.

तक्ता चुकतो तो बहुतेक वेळा भरलेल्या वेळेमुळे. जन्मदाखल्यावर वेळ नसते. ती हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा पत्रिकेत शोधावी लागते. पत्रिका जुनी असेल तर घड्याळाच्या वेळेऐवजी इष्टघटी दिलेली असते, म्हणजे सूर्योदयानंतर किती घटी-पळांनी जन्म झाला ते. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. १० घटी ३० पळं लिहिली असतील तर साडेदहा गुणिले २४ म्हणजे २५२ मिनिटं, म्हणजेच ४ तास १२ मिनिटं. त्या दिवशी त्या गावचा सूर्योदय ६.२० चा असेल तर जन्म सकाळी १०.३२ चा. दुसरी नेहमीची गफलत मध्यरात्रीनंतरच्या जन्माची. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून पहाटे दोनचा जन्म पत्रिकेत आदल्या वारावर दिसतो. इथे घड्याळाप्रमाणे बदललेली, म्हणजे पुढची तारीख भरायची. घरातल्या आजी-आजोबांचा तक्ता काढत असाल तर आणखी दोन गोष्टी बघा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे देशातली घड्याळं एक तास पुढे होती. आणि मुंबईत १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ही वापरात होता, तो भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे.

गाव यादीत सापडलं नाही म्हणून अडून बसू नका. या पद्धतीत लग्नरास आणि भावस्थानं नाहीत, गाव लागतं ते फक्त टाइमझोनसाठी. दापोलीऐवजी पुणे निवडलं तरी तक्ता तोच येतो. पत्रिकेतले ग्रहांचे अंश मात्र इथे लावू नयेत. आपली पत्रिका निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली) आणि ही पद्धत सायन (वसंतसंपातापासून मोजलेली). दोघांत सुमारे २४ अंशांचा फरक. इथे राशिचक्राचे ६४ भाग पाडतात, त्यांना गेट म्हणतात; एक गेट ५ अंश ३७ कला ३० विकलांचं, म्हणजे ग्रह चार गेटांहून जास्त सरकतो. निरयन तक्त्याचा पर्याय काही ठिकाणी दिसतो, पण मूळ पद्धतीत तो नाही, आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून सोयीचं तेवढं उचलण्यात काही अर्थ नाही.

तक्त्यात लाल आणि काळे असे आकड्यांचे दोन रकाने दिसतात. काळा जन्मक्षणाचा. लाल त्याआधीचा, सूर्य बरोबर ८८ अंश मागे होता त्या क्षणाचा. हे ८८ अंश आहेत, ८८ दिवस नव्हेत. सूर्याची गती वर्षभर सारखी नसते, त्यामुळे हे अंतर साधारण ८७ ते ९२ दिवसांचं भरतं. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंतच्या काळात जास्त. एखाद्या दुसऱ्या अ‍ॅपने लाल रकान्याची तारीख छापली असेल आणि ती सगळ्यांसाठी नेमकी ८८ दिवसांमागची येत असेल, तर ते अ‍ॅप काढून टाका.

आता प्रकार स्वतः पडताळून बघा. खालून दुसरा चौकोन म्हणजे सेक्रल. तो पांढरा हवा. निदान एक तरी केंद्र रंगीत हवं, सगळी पांढरी असतील तर तो रिफ्लेक्टर. मग वरचा चौकोन, घसा. उजवीकडचा भावनांचा त्रिकोण, हृदयाचा छोटा त्रिकोण आणि तळाचा रूट चौकोन या तिघांपैकी कुणापासूनही घशापर्यंत पूर्ण रंगलेली सलग वाट निघता कामा नये. ती वाट आडवळणाची असली तरी धरायची. ५४-३२ आणि ५७-२० हे दोन्ही चॅनल (केंद्रांना जोडणाऱ्या वाटा, गेटांच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या) पूर्ण असतील तर रूटची ऊर्जा प्लीहेतून, म्हणजे डावीकडच्या त्रिकोणातून, घशाला पोचते आणि माणूस मॅनिफेस्टर ठरतो, प्रोजेक्टर नाही. अर्धा रंगलेला चॅनल धरायचा नाही. दोन्ही टोकांची गेटं लागतात. जन्मवेळेबद्दल शंका असेल तर एक तास आधीचा आणि एक तास नंतरचा असे आणखी दोन तक्ते काढा. चंद्र एक गेट सरासरी दहा तासांत ओलांडतो. सेक्रलचा चॅनल चंद्राच्या गेटामुळेच पूर्ण होत असेल, तर त्या सीमेवर प्रकारच बदलतो. तिन्हींत प्रोजेक्टर कायम राहिला तर निश्चिंत व्हा.

तक्त्याखाली धोरण म्हणून एकच ओळ येते: आमंत्रणाची वाट बघा. या सेवेतली सगळ्यात कच्ची जागा हीच, कारण एवढ्यावर सोडल्यामुळे लोकांचं नुकसान होतं. कुणी नोकरीचे अर्ज करणं थांबवतं, कुणी फोन करणंही सोडून देतं आणि घरात बसून राहतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही असं ऐकत वाढलेल्या माणसाला ही ओळ एक तर भलतीच वाटते, नाहीतर आळसाला परवाना वाटते. मूळ शिकवणीत आमंत्रण लागतं ते मोठ्या गोष्टींना: जोडीदार, काम, जवळची नाती, राहण्याचं ठिकाण. भाजी आणायला, मित्राला भेटायला, नवी विद्या शिकायला कुणाच्या बोलावण्याची गरज नाही. आणि एकदा कामावर घेतलं की रोज सकाळी नव्याने विचारणा व्हावी अशी अपेक्षाही नाही. त्या कामाच्या कक्षेपुरतं आमंत्रण मिळालेलंच असतं. नोकरी शोधताना अर्ज जरूर करावेत, घराचे हप्ते कुणाला चुकले नाहीत. फक्त आपलं काम ओळखणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांना आधी कळवावं आणि मुलाखतीत ‘तुम्हाला माझ्या कामातलं नेमकं काय हवंय?’ हे विचारावं. त्या उत्तरातून ओळख आहे की नुसती जागा भरायची आहे, ते समजतं.

आमंत्रण खरं आहे की शिष्टाचाराचं, हे ओळखायची खूण साधी आहे. मीटिंगच्या शेवटी ‘कुणाला काही बोलायचंय?’ हे आमंत्रण नाही. ‘मागच्या वर्षी गोदामाचा हिशोब तुम्ही लावला होता, आमच्या नोंदी बघून कुठे अडतंय ते सांगाल का?’ हे आमंत्रण. पहिल्यात तुमची ओळख कुठेच नाही, दुसऱ्यात ती आधी येते आणि मग विचारणा. घरात हे जास्त अवघड. भावाच्या दुकानात माल चुकीच्या जागी लावलाय हे तुम्हाला दारातूनच दिसतं, कारण दुसऱ्याच्या कामातला अडथळा पटकन दिसणं हेच प्रोजेक्टरचं बळ. तोंडावर आलेलं बोलून टाकलं की ‘तुला काय कळतंय दुकानातलं’ हे ऐकावं लागतं, आणि मनात कडवटपणा साचतो. या पद्धतीत कडवटपणा ही प्रोजेक्टर वाट चुकल्याची खूणच आहे. त्यावर चालणारा उपाय: ‘दादा, मला एक गोष्ट दिसतेय, सांगू का?’ एवढं विचारून थांबा. तो हातातलं काम बाजूला ठेवून तुमच्याकडे वळला तर बोला. मोबाइलवरची नजर न काढता ‘हं, सांग’ म्हणाला तर विषय सोडा. हे पाळणं खूप जड जातं, पण नाती वाचतात.

आमंत्रण आलं म्हणजे होकार द्यायचाच असं नाही. तिथे ऑथॉरिटी लागते. तक्त्यावर भावनिक लिहिलं असेल तर त्या क्षणी उत्तर देऊ नका. उत्साह आणि मरगळ दोन्ही येऊन जाऊ द्या, मोठ्या निर्णयाला निदान काही रात्री मध्ये जाऊ द्या. स्प्लीनिक, म्हणजे प्लीहेची, असेल तर उलट: पहिली बारीक जाणीव एकदाच येते, ती तिथल्या तिथे टिपून ठेवा, पुन्हा पुन्हा विचारून ती परत येत नाही. इगो असेल तर ‘मला यातून काय हवंय’ हा प्रश्न विनासंकोच विचारा. सेल्फ-प्रोजेक्टेड लोकांनी विश्वासातल्या माणसासमोर मोठ्याने बोलावं आणि स्वतःचा आवाज ऐकावा. समोरच्याने सल्ला द्यायचा नाही, हे त्याला आधीच बजावून ठेवा. ज्यांच्या तक्त्यात ‘मेंटल’ किंवा आतली ऑथॉरिटी नाही असं येतं, त्यांनी वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या माणसांशी तोच विषय बोलून बघावा.

आता ऊर्जेचं गणित. पांढरं सेक्रल आजूबाजूच्यांची ऊर्जा घेतं आणि वाढवून दाखवतं, असं ही पद्धत मानते. म्हणून भरल्या ऑफिसात प्रोजेक्टर इतरांपेक्षा जास्त राबतो, लष्कराच्या भाकऱ्या भाजतो, आणि शनिवारी उठवत नाही. पुरे कधी म्हणायचं ते कळत नाही, हा याच केंद्राचा दोष. खोल एकाग्रतेचं काम दिवसाला तीन-चार तासांपुरतं धरा: जेवणाआधी दीड-दीड तासाचे दोन टप्पे, मध्ये वीस मिनिटं माणसांपासून दूर, आणि दुपारी जमलं तर एक तास. ईमेल, मीटिंग, फायली उरलेल्या वेळात. आठ तासांची नोकरी अशीच निभते. जेवणानंतरची वामकुक्षी या मंडळींसाठी चैन मानू नये; ऑफिसात रिकाम्या खोलीत डोळे मिटून पंधरा मिनिटं बसलं तरी फरक पडतो.

रात्रीचा नियम असा की दमायच्या आधी आडवं व्हायचं. अकराला डोळे मिटतात तर सव्वादहाला अंथरुणावर पडा. झोप नाही आली तरी चालेल, पुस्तक चालेल, कामाचे मेसेज नकोत. दिवसभरात घेतलेली दुसऱ्यांची धग उतरायला एवढा वेळ लागतो. वेगळ्या खोलीत एकट्याने झोपावं असंही शिकवतात. वन बीएचकेत ते जमत नाही, आणि नवरा-बायकोत त्यावरून भांडण लावून घेण्याइतकं ते मोलाचं नाही. पाऊण तास आधी एकट्याने पडणं पुरतं. मात्र पुरेसं झोपूनही महिनोन्‌महिने थकवा जात नसेल तर तो ‘प्रोजेक्टर असल्यामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

पांढऱ्या केंद्रांपैकी दोन आधी बघा. हृदय पांढरं असेल तर स्वतःला सिद्ध करायच्या नादात फुकट किंवा कमी पैशात काम होतं. यावर उपाय म्हणजे सल्ला देण्याआधी फी, किती भेटी आणि कशाचा सल्ला हे तीन मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. रूट पांढरं असेल तर प्रत्येक काम आत्ताच संपवायची घाई होते. यादीतलं काम संपलं की लगेच नवं उचलायचं नाही, एवढं पाळलं तरी बराच ताण उतरतो. बाकीची केंद्रं सवडीने वाचा.

पैसे देऊन सल्ला घ्यायचा असेल तर आधी तीन प्रश्न विचारा. जन्मवेळ कशावरून घेतली आहे हे ते तपासतात का? माझ्या ऑथॉरिटीवर किती वेळ बोलणार? रेकॉर्डिंग मिळेल का? तासाभरातला मोठा भाग ‘इन्कार्नेशन क्रॉस’च्या (जन्माचा हेतू म्हणून सांगतात त्याच्या) भारदस्त नावावर जाणार असेल तर नको म्हणा. नोकरी सोडायला सांगणारा, भविष्य वर्तवणारा किंवा ‘वेळ अंदाजे चालेल’ म्हणून आहाराचा रिपोर्ट विकणारा माणूस टाळा. आहार आणि व्हेरिएबलचे बाण ‘टोन’वरून ठरतात. सूर्य एक रेषा, म्हणजे गेटाचा सहावा भाग, ओलांडायला सुमारे २३ तास घेतो, तिचा सहावा भाग म्हणजे ‘कलर’, पावणेचार-चार तासांचा, आणि त्याचाही सहावा भाग म्हणजे टोन, जेमतेम ३८ मिनिटांचा. पत्रिकेत ‘सकाळी ९ च्या सुमारास’ लिहिलेलं असताना थंड खावं की गरम, हे त्या आधारावर कुणी छातीठोक सांगू शकत नाही. डिस्चार्ज कार्डावर मिनिटासकट वेळ असेल तर गोष्ट वेगळी. तरीही आधी १५ मिनिटं मागचा आणि १५ मिनिटं पुढचा तक्ता काढून बाणांची दिशा तीच राहते का ते बघा, आणि बदलत असेल तर तो रिपोर्ट घेऊ नका.