जर्मनीत नवऱ्याकडे पोहोचल्यावर कोणाकडूनही 'टर्मिन' विकत घेऊ नका

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची इंजिनिअर पोरं पुण्या-बंगळुरूहून जर्मनीत जातात, आणि लग्न झालं की काही महिन्यांनी सूनबाई डी व्हिसावर, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर, मागून जाते. व्हिसा मिळेपर्यंत दोन्ही घरचे लोक सावध असतात, एकेक कागद तीनदा तपासतात. मुलगी विमानात बसली की सगळे निर्धास्त होतात, आणि फसवणारा नेमका त्यानंतर गाठतो. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख जवळ येत असते, रेसिडेन्स परमिटचं कार्ड आलेलं नसतं, आणि परदेशी नागरिकांचं ऑफिस, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डे, मेलला उत्तर देत नसतं. या मधल्या काळात माणूस घाबरलेला असतो. सगळा धंदा त्या भीतीवर चालतो.

अमळनेर तालुक्यातल्या एका कुटुंबाच्या बाबतीत हे कसं घडलं ते क्रमाने सांगतो. नावं आणि शहर मुद्दाम देत नाही.

मुलगी सहा महिन्यांच्या डी व्हिसावर गेली. व्हिसा संपायला महिनाभर उरला तरी ऑफिसची भेटीची वेळ, म्हणजे टर्मिन, मिळेना. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'गॅरंटीड टर्मिन' असा मेसेज होता. त्या माणसाने मुलीशी किंवा नवऱ्याशी फार बोलणंच केलं नाही, थेट गावी सासऱ्यांना फोन लावला आणि अहिराणीत म्हणाला, "नाना, चिंता करू नका, काम व्हई जाई." परक्या देशाच्या कामात आपली बोली बोलणारा भेटला की माणूस विरघळतो. नानांनी यूपीआयने २५ हजार पाठवले. पासपोर्टचा स्कॅन, लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या सॅलरी स्लिप सगळं त्याच्याकडे गेलं. दोन दिवसांत टर्मिनची पीडीएफ आली. आठवड्याने तो म्हणाला, टर्मिनच्या आधी व्हिसा संपतोय, मधल्या काळासाठी 'फिक्शन सर्टिफिकेट' काढावं लागेल, त्याचे ४० हजार. तेही गेले, आणि तेही पीडीएफवर आलं.

टर्मिनच्या दिवशी दोघं ऑफिसला गेले तेव्हा दार बंद होतं. सोमवारी पुन्हा गेले. काउंटरवरच्या बाईने सांगितलं की या नावाने टर्मिन नाही आणि अर्जही नाही. व्हिसा संपून नऊ दिवस झाले होते. मुलीला नुकतीच पार्टटाइम नोकरी लागली होती. मालकाने वैध कागद मागितला, तो नव्हता, तेव्हा तिला घरी बसावं लागलं. पैशापेक्षा हे नुकसान मोठं होतं, कारण एजंटने अर्ज केला आहे असं समजून त्यांनी स्वतः अर्ज केलाच नव्हता.

ते दोन्ही कागद नीट पाहिले असते तर खोटेपणा तिथेच दिसत होता. टर्मिनची तारीख शनिवारची होती. पत्ता परदेशी नागरिकांच्या ऑफिसचा नव्हता, शेजारच्या भागातल्या नागरिक नोंदणी कार्यालयाचा होता. खाली 'फी भरण्यासाठी' म्हणून जो बँक खाते क्रमांक, म्हणजे आयबॅन, दिला होता तो 'एलटी' या अक्षरांनी सुरू होत होता. आयबॅनची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. जर्मनीचा 'डीई'ने सुरू होतो, एलटी म्हणजे लिथुआनिया. जर्मन शहराचं ऑफिस आपली फी लिथुआनियातल्या खात्यावर मागणार नाही.

फिक्शन सर्टिफिकेटवरची चूक जास्त बारीक होती. याचं जर्मन नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. खरा कागद म्हणजे सरकारी छापखान्यातून आलेला, अनुक्रमांक असलेला, घडी घालायचा फॉर्म. त्यावर ऑफिसचा शिक्का आणि सही असते. त्याची फी १३ युरो. आत तीन चौकोन असतात आणि त्यातल्या एकावर खूण केलेली असते. डी व्हिसावर येऊन मुदतीत अर्ज केलेल्या जोडीदाराला निवास कायद्याच्या कलम ८१ पोटकलम ४ चा चौकोन लागू होतो, म्हणजे तिसरा. या चौकोनावर भारतात येऊन परत जाता येतं. पहिल्या दोन चौकोनांवर एकदा देशाबाहेर पडलं की त्या कागदावर परत शिरता येत नाही. त्या पीडीएफवर पहिल्या चौकोनावर खूण होती. ते घेऊन मुलगी बहिणीच्या हळदीला गावी आली असती तर प्रकरण आणखी चिघळलं असतं. खरा कागद हातात पडला तरी तिकीट काढण्याआधी चौकोन पाहाच.

आता मूळ मुद्दा. तो कळला की एजंटची गरजच उरत नाही. व्हिसा संपायच्या आत परमिटचा अर्ज केला असेल तर ऑफिसचा निर्णय होईपर्यंत जुन्या व्हिसाचे हक्क पुढे चालू राहतात, नोकरीच्या परवानगीसकट. हे त्याच कलम ८१ पोटकलम ४ मध्ये आहे. टर्मिन कधी मिळतो, कार्ड कधी येतं, याच्याशी त्याचा संबंध नाही. तारखेच्या आत गेलेला अर्ज आणि तो गेल्याचा पुरावा, एवढं तुमच्याकडे हवं. फिक्शन सर्टिफिकेट हा त्या हक्काचा दाखला आहे, हक्क अर्जाने मिळतो.

म्हणून पोहोचल्यावर टर्मिनची वाट पाहत बसू नका. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग, करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. नोंदणीचा दाखला हातात आला की लगेच परमिटच्या अर्जाची फाइल तयार करा: भरलेला फॉर्म, पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसाचं पान आणि प्रवेशाचा शिक्का असलेलं पान, लग्नाचा दाखला आणि त्याचं भाषांतर, नवऱ्याच्या परमिटची दोन्ही बाजूंची प्रत, भाडेकरार, शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, आरोग्य विम्याचं पत्र. शहराच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज असेल तर तो करा आणि शेवटी मिळणारी पोच डाउनलोड करून ठेवा. ऑनलाइन सोय नसेल तर त्यांनी दिलेल्या मेलवर पाठवा आणि तीच फाइल पोस्टाने आइनश्रायबेन, म्हणजे रजिस्टर्ड, करून पाठवा, पोचपावतीसह. पावती फेकू नका. वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. ग्रुपवर आलेल्या लिंकवरून जाऊ नका.

एक कागद कमी असेल म्हणून अर्ज अडवून ठेवू नये. राहिलेला कागद मागून देता येतो, गेलेली तारीख परत येत नाही. तारीख गेल्यावर अर्ज केला तर मोठी अडचण टाळण्यासाठी ऑफिस जुने हक्क पुढे चालू ठेवू शकतं, पण ते द्यायचं की नाही हे त्यांच्या हातात असतं. अमळनेरच्या मुलीचा अर्ज पोलीस तक्रार आणि सगळे चॅट जोडून त्याच आधारावर करावा लागला.

पत्रपेटीवरच्या नावाकडे आपल्या लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं. आपल्याकडे मुलीचा पासपोर्ट बहुतेक वेळा माहेरच्या नावावर असतो. पासपोर्टवर महाजन आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं पाटील असेल तर पोस्टमन महाजन नावाचं पत्र 'नाव सापडत नाही' म्हणून परत पाठवतो. ऑफिसने टर्मिन पोस्टाने कळवलेला असतो, तो तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि तुम्ही ऑफिस उत्तर देत नाही म्हणून एजंट शोधता. पेटीवर आणि बेलवर दोन्ही आडनावं पहिल्याच दिवशी लावा. नोंदणीनंतर काही आठवड्यांत टॅक्स क्रमांकही पोस्टानेच येतो. तो फुकट असतो, तो काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

टर्मिनचा काळाबाजार कसा चालतो तेही पाहा. काही शहरांच्या पोर्टलवर मोकळ्या वेळा दिसल्या की प्रोग्रॅम लावून त्या कोणत्याही नावाने पकडल्या जातात आणि मग विकल्या जातात. काउंटरवर पासपोर्टवरचं नाव आणि टर्मिनवरचं नाव जुळलं नाही की परत पाठवतात. म्हणजे खरा टर्मिन विकत घेतला तरी तो उपयोगी पडेलच असं नाही. आणि कित्येक शहरांत आता स्वतः टर्मिन घेण्याची सोयच नाही. आधी अर्ज, मग ऑफिस वेळ कळवतं. अशा शहराचा टर्मिन कोणी विकत असेल तर तो निव्वळ कागद आहे. टर्मिनला फी नसते. परमिटची फी १०० युरो, ती बहुतेक ठिकाणी ऑफिसमध्ये काउंटरवर किंवा तिथल्या मशीनवर भरतात. फोटोसाठी भारतातून प्रिंट नेऊ नका. १ मे २०२५ पासून फोटो डिजिटल लागतो, मान्यताप्राप्त स्टुडिओतून थेट ऑफिसला जातो किंवा ऑफिसच्या मशीनवर ६ युरोत निघतो.

याच काळात आणखी काही गोष्टी विकायला येतात. 'वर्क परमिट' हा त्यातला एक. जोडीदाराच्या व्हिसावर आणि परमिटवर नोकरीची परवानगी छापलेलीच असते, 'एरवेर्ब्सटेटिगकाइट', म्हणजे नोकरी-धंदा, हा शब्द पासपोर्टमधल्या स्टिकरवर शोधा. नर्स किंवा डॉक्टरसारख्या पेशांना त्या पेशाची मान्यता लागते, तो वेगळा विषय. दुसरा म्हणजे स्वस्त प्रवासी विमा, 'परमिटला चालतो' म्हणून गळ्यात मारलेला. तो पहिले काही दिवस भागवण्यापुरता ठीक. नवरा सरकारी पद्धतीच्या आरोग्य विम्यात असेल तर कमावत नसलेल्या बायकोला त्याच विम्यात वेगळा हप्ता न भरता घेता येतं. त्याने आपल्या विमा कंपनीला मेल करायचा, एक फॉर्म येतो.

तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा: पत्ता विकणारे. घर मिळत नाही म्हणून शे-दोनशे युरो घेऊन कोणीतरी घरमालकाचा कागद देतो आणि तुम्ही राहत नसलेल्या पत्त्यावर नोंदणी होते. असा पत्ता देणाऱ्याला ५० हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ऑफिसची पत्रं तुम्ही राहत नसलेल्या घरी जातात. घर न पाहता डिपॉझिट मागणारा, 'मी परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो' म्हणणारा, तोही याच जातीचा.

गावाकडच्या घरच्यांसाठी एक वेगळी सूचना. "तुमची सून इमिग्रेशनमध्ये अडकली आहे, दंड भरा, नाहीतर परत पाठवतील" असा फोन येतो. फोनवर दिसणारा नंबर दूतावासाचा वाटतो, कारण नंबर खोटा दाखवता येतो. फोनवरून यूपीआयने दंड घेणारं कोणतंही सरकार नाही. फोन ठेवायचा आणि सुनेला किंवा मुलाला व्हिडिओ कॉल लावायचा. ते झोपेत असतील तर उठवायचं. उन्हाळ्यात तिथे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार.

पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. त्या खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता आली तरच हाती लागते, म्हणून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात प्रत. 'गावात बोभाटा होईल' म्हणून थांबलात तर फायदा फक्त त्या माणसाचा. मुलाने जर्मनीत पोलिसांच्या ऑनलाइन ठाण्यावर तक्रार करायची आणि तिचा क्रमांक ऑफिसच्या फाइलला लावायचा. चॅट डिलीट करू नका, खोटी पीडीएफही जपून ठेवा, पण ती मालकाला, बँकेला किंवा विमानतळावर दाखवू नका. खोटा कागद वापरणं हा वेगळा गुन्हा आहे.

पैसे न घेता मदत करणारी माणसं तिथे आहेत. कारितास, डियाकोनी, आवो, जर्मन रेड क्रॉस यांच्या शाखांमध्ये 'मिग्रात्सिओन्सबेराटुंग' नावाची सल्लासेवा चालते. ती मोफत आहे आणि इंग्रजीत बोलता येतं. ऑफिसचं पत्र घेऊन गेलं तर ते वाचून देतात, फॉर्म भरायला बसतात, गरज पडली तर ऑफिसला स्वतः लिहितात. २७ वर्षांच्या आतल्या मुलींसाठी 'युगेंडमिग्रात्सिओन्सडीन्स्ट' ही वेगळी शाखा आहे. शहराचं नाव आणि हे शब्द शोधले की जवळचं केंद्र सापडतं. जाताना पासपोर्ट, नोंदणीचा दाखला आणि आतापर्यंत आलेली सगळी पत्रं पाकिटांसकट न्यावीत, कारण पत्र कधी निघालं हे पुष्कळदा पाकिटावरूनच कळतं.