ट्रॅकच्या गाडीत किती ऑक्टेन घालावं? आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंजिन कोणतं ते न सांगता ऑक्टेनवर (पेट्रोल दाबाने आपलं आपण पेटायला किती विरोध करतं, त्याचा आकडा) बोलणं म्हणजे पायाचं माप न देता बूट मागणं, म्हणून आधी गाडीबद्दल. दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही 86 मिमी, कॉम्प्रेशन 10:1, थेट इंजेक्शन. ही रस्त्यावर चालत नाही. ट्रेलरवरून ट्रॅकला जाते, वीस-वीस मिनिटांची चार-पाच सेशन करते आणि ट्रेलरवरूनच परत येते. आठ महिन्यांत हिच्या टाकीत 95, 98, 102 चं रेसिंग पेट्रोल आणि इथेनॉलचं मिश्रण अशी चार इंधनं जाऊन आली. पहिले दोन महिने माझ्या मूर्खपणात गेले.

इंजिनासोबत आलेल्या पुस्तिकेत ‘किमान 93’ छापलं होतं आणि पंपावर लिहिलेलं 95. दोन आकडे जास्तच घालतोय म्हणून मी खुशीत. गाडी पहिले दोन लॅप मस्त पळायची आणि चौथ्यापासून लांब सरळ पट्ट्यावर मरगळायची. मी क्लच तपासला, बूस्टचे (टर्बोने दाबलेल्या हवेचे) पाइप तपासले, इंटरकूलर धुतला. शेवटी ट्यूनरने (इंजिनाची सेटिंग जुळवून देणाऱ्याने) लॉग, म्हणजे गाडीने नोंदवलेले आकडे, उघडला, पुस्तिका उलटीसुलटी केली आणि म्हणाला, “दादा, हे 93 कुठल्या देशातलं?”

पुस्तिका अमेरिकेतल्या बाजारासाठीची होती. तिथे पंपावर आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) यांची सरासरी लिहितात. दोन्ही चाचण्या कॉम्प्रेशन बदलता येणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनावरच होतात. आरओएन 600 आरपीएमला, तर एमओएन 900 आरपीएमला आणि मिश्रण 149 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून. म्हणून त्याच पेट्रोलचा एमओएन आठ-दहा आकड्यांनी कमी भरतो. 98 आरओएन आणि 88 एमओएन असलेल्या पेट्रोलची सरासरी 93. माझ्या पंपावरचं 95 नुसतं आरओएन होतं; त्याचा एमओएन 85, सरासरी 90. मी दोन वर समजत होतो आणि प्रत्यक्षात तीन खाली होतो.

लॉगमध्ये सगळं उघडं पडलं होतं. चौथ्या लॅपला आत येणारी हवा 58 अंश सेल्सिअसवर आणि तिसऱ्या सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) 6 अंश मागे ओढलेलं. ठिणगी पडल्यावर ज्वाला पसरत जाते, तोवर कडेला उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपलं आपणच पेटतं, त्याला नॉकिंग म्हणतात. सेन्सरला ते कळलं की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, ताकद जाते. ट्यूनरने गाडी डायनोवर (जागच्या जागी पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) चढवली, ब्लॉकला मायक्रोफोन लावला आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. 86 मिमीच्या बोअरमध्ये हा आवाज साधारण 6.6 किलोहर्ट्झला सापडतो. इंजिनाच्या गुरगुरीतून मधूनच कोणी पत्र्यावर बारीक खडा मारावा तसा टक्... पुन्हा टक्. हेल्मेट घालून बसल्यावर हे मला जन्मात ऐकू आलं नसतं. प्लग काढला तर पोर्सिलेनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके. आणखी थोडे दिवस तसंच चालवलं असतं तर ठिपक्यांच्या जागी पिस्टनचं ॲल्युमिनियम दिसलं असतं.

मग 98 आरओएन. मॅप (ईसीयूमधली सेटिंग) तोच, बाकी काहीही बदललं नाही. सर्वात वेगवान लॅप जेमतेम 0.3 सेकंदाने सुधारला, तेव्हा मी थोडा खट्टूच झालो. पण आठवा लॅप पाहिला तर तो दीड सेकंदाने सुधारला होता. ऑक्टेनचा फरक गार इंजिनाच्या पहिल्या लॅपला शोधायचाच नाही. सगळं तापल्यावर टायमिंग जागेवर राहतं का, तेवढंच बघायचं. 98 वर ते फार तर एक अंश मागे यायचं. त्याच सुमाराला कॅच कॅन (तेलाची वाफ अडवणारा डबा) बसवला, तेव्हा तेही थांबलं. क्रँककेसमधून तेलाची वाफ इनटेकमध्ये जात असेल तर ती ऑक्टेन खाली खेचते, आणि लांब वळणांवर ती भरपूर जाते. महागडं इंधन घेण्याआधी हे करायला हवं होतं.

102 चं रेसिंग पेट्रोल आणलं ते निव्वळ हौसेने. त्याच मॅपवर लॅप टाइममध्ये शून्य फरक. साहजिकच आहे. ऑक्टेन वाढलं म्हणून लिटरमागे ऊर्जा वाढत नाही; फक्त इंजिनाकडून जास्त मागायची मोकळीक मिळते, आणि आम्ही जास्त काही मागितलंच नव्हतं. 1940 मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना 100 ऑक्टेन मिळालं तेव्हा मर्लिन इंजिनाचा बूस्ट चौरस इंचाला 6 पौंडांवरून 12 पर्यंत नेता आला. बूस्ट वाढवला नसता तर त्या पेट्रोलने वैमानिकाच्या हाती काही पडलं नसतं. मग आम्हीही टायमिंग 2 अंश पुढे घेतलं, बूस्ट थोडा वाढवला, आणि गाडी खरंच वेगळी झाली. पण त्या दिवसापासून मी त्या डब्याचा गुलाम झालो. एकदा डबा कमी पडला, टाकीत निम्मं 98 गेलं आणि दुसऱ्याच सेशनला लॉग लाल. शिवाय या इंधनात ऑक्सिजन असलेले घटक होते, त्यामुळे आधीच्या मॅपवर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) होत होतं. नुसतं टाकीत ओतून निघणाऱ्यांनी लॅम्बडाकडे (हवा-इंधन प्रमाणाच्या आकड्याकडे) नीट बघावं.

इथेनॉलने मला सगळ्यात जास्त चकित केलं. शुद्ध इथेनॉलचा आरओएन 108 च्या आसपास आहे, पण खरी मजा बाष्पीभवनात आहे. पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ते ओढून घेतं, म्हणजे सिलिंडरमध्येच गारवा. थेट इंजेक्शनच्या टर्बोला याहून काय हवं! मी 40 लिटरच्या टाकीत 12 लिटर ई85 (85 टक्के इथेनॉल) घालून ‘साधारण 25 टक्के’ धरत होतो. उरलेलं 28 लिटर पेट्रोल ई10 (10 टक्के इथेनॉल) होतं, हे हिशेबात धरलंच नव्हतं. खरं प्रमाण 32 टक्क्यांच्या वर गेलं. ट्यूनर परत हसला. आता दरवेळी मोजपात्रात 10 मिली पाणी आणि 90 मिली इंधन घालतो, हलवतो, थोडा वेळ ठेवतो. इथेनॉल खाली पाण्यात उतरतं, खालचा थर किती मिलीने वाढला तेवढं इथेनॉल 90 मध्ये. पाच मिनिटांचं काम आहे, पण डब्यावरच्या लेबलपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. तोटाही सांगायला हवा: लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. टाकी लवकर रिकामी होते, इंजेक्टर आणि पंप कमी पडू शकतात. हिवाळ्यात गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकीत हे ठेवू नका. ते पाणी ओढून घेतं.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांवर फार लिहीत नाही. बाटलीवरचे ‘5 पॉइंट’ म्हणजे 0.5 ऑक्टेन, 95 चे 100 नव्हेत. मॅंगनीज असलेल्या एका बाटलीने माझे प्लग गंजल्यासारखे तांबूस करून ठेवले आणि प्लगचा रंग बघून काही ठरवणंच अशक्य झालं. पिटमध्ये एकाने विमानाचं 100एलएल सुचवलं. नावात ‘लो लेड’ असलं तरी त्यात शिसं आहेच आणि माझ्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे, जो शिशाने खराब होतो, तेव्हा नको.

सध्या गाडी 98 च्या मॅपवर आहे. दुसरा मॅप 30 टक्के इथेनॉलचा, स्पर्धा असेल त्याच दिवशी. 102 चा अर्धा डबा अजून पडून आहे. झाकण नीट लागलं नव्हतं, हलके घटक उडून गेले असणार, त्यामुळे तो आता पार्ट धुवायला वापरतो. आणि टाकीच्या झाकणाच्या आत जाड मार्करने ‘98 आरओएन’ लिहिलंय. त्यातलं ‘आरओएन’ ट्यूनरने दोनदा अधोरेखित केलंय.